चावीचं घड्याळ घरी खोलताना उडणाऱ्या स्प्रिंगांचा बंदोबस्त

कपाटात पडून राहिलेलं एचएमटी जनता किंवा पायलट बाहेर काढलं, चावी दिली, दोन-चार मिनिटं टिकटिकलं आणि पुन्हा थांबलं, ही गोष्ट बऱ्याच घरांत घडते. बहुतेक वेळा आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, बाकी मशीन धडधाकट असतं. मग यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून माणूस पेचकस हातात घेतो. माझ्या पाहण्यात अशी घरी खोललेली जी घड्याळं डबीत सुट्या भागांच्या रूपात पडून आहेत, त्यांत तुटलेलं काहीच नसतं. एखादी केसाएवढी स्प्रिंग कुठेतरी उडालेली असते, इतकंच.

आणि ती सहज मिळत नाही. एचएमटीनं 1961 मध्ये बंगळूरला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळं बनवायला सुरुवात केली. 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. जुन्या मशीनचा भाग हवा असेल तर तो बहुधा दुसऱ्या मेलेल्या घड्याळातूनच काढावा लागतो. म्हणून साफसफाई आणि तेलपाणी इथे बाजूला ठेवतो. या लेखात फक्त ताणलेले भाग: ते कुठे असतात, कसे धरायचे, आणि उडालेच तर कसे शोधायचे.

बसण्याची जागा

सगळ्यात आधी पंखा बंद करा. हे सांगायची गरज नसावी, पण मे महिन्यात घामाघूम झालेला माणूस पंखा एकवर ठेवून बसतोच. मशीनमधले काही भाग इतके हलके असतात की तेवढ्या वाऱ्यानंही ते टेबलावरून सरकतात.

दुसरं, फरशी बघा. जुन्या घरांतली चिप्सची मोझॅक फरशी घड्याळाच्या कामाला सगळ्यात वाईट. पांढऱ्या-काळ्या-तपकिरी ठिपक्यांत पडलेला दोन मिलिमीटरचा स्क्रू डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. गालिचा, सतरंजी त्याहून वाईट. टेबलाखाली आणि खुर्चीखाली जुनी पांढरी, एकरंगी चादर सुरकुत्या काढून अंथरा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत स्प्रिंग अडकली की बसा शोधत.

घड्याळजींचं टेबल उंच असतं, जवळजवळ छातीपर्यंत येणारं. त्यानं मान वाचते आणि डोळा कामाच्या जवळ राहतो. मुख्य म्हणजे हातातून निसटलेला भाग फार खाली पडत नाही. घरचं टेबल बुटकं असेल तर त्यावर एखादा भक्कम पाट किंवा लाकडी खोका ठेवून उंची वाढवा. मग एक जुना पंचा घ्या. त्याची एक कड टेबलाच्या खालच्या अंगाला ड्रॉइंग पिनांनी ठोका आणि दुसरी कमरेला खोचा. पोटाशी अशी झोळी तयार झाली की निसटलेले बरेच भाग तिथेच सापडतात. फक्त उठताना पंचा आधी सोडायचा, हे लक्षात ठेवा.

टेबलावर पांढरा कागद, आणि काढलेले भाग ठेवायला औषधांच्या गोळ्यांची आठवड्याची डबी. सात कप्पे, प्रत्येकाला झाकण. बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक) सोमवारात, चावीकडचे भाग मंगळवारात, असं ठेवत गेलं की जोडताना क्रमही आपोआप मिळतो. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा, स्प्रिंगचं कुठलं टोक कशाला टेकलंय हे दिसेल इतक्या जवळून. पुढे अडकाल तेव्हा हाच फोटो कामाला येईल.

डोळ्यांवर चष्मा हवा. नंबर नसेल तर साधा प्लॅस्टिकचा सेफ्टी गॉगल चालेल. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर.

चिमटा

स्प्रिंगा उडण्याचं निम्मं पाप चिमट्याचं. कडक पोलादाचा, गुळगुळीत टोकांचा चिमटा जास्त दाबला की टोकं एकमेकांवरून किंचित सरकतात आणि मधला भाग सुटतो. नवशिका भाग निसटेल या भीतीनं आणखी दाबतो, आणि त्या दाबामुळेच तो निसटतो.

चिमटा भिंगाखाली धरून टोकं जुळतात का ते बघा. वाकडी असतील तर बारीक पॉलिश पेपरवर सरळ करून घ्या. जमलं तर एक पितळी चिमटा ठेवा. पितळ मऊ असल्यानं त्याची पकड चांगली बसते आणि ते चुंबकीय होत नाही. पोलादी चिमट्यात चुंबकत्व शिरलं की भाग टोकाला चिकटून बसतो, तुम्ही सोडायला झटका देता आणि तो गेला. चिमटा एखाद्या सुट्या स्क्रूजवळ नेऊन पाहा. स्क्रू उडी मारून चिकटला तर आधी चिमट्याचं चुंबकत्व घालवा. त्यासाठीची छोटी निळी यंत्रं ऑनलाइन स्वस्तात मिळतात.

सरावासाठी सुटी स्प्रिंग घ्या, बॉलपेनातली सुद्धा चालेल. ती उचलायची, हवेत दहा आकडे मोजेपर्यंत धरायची, न झटकता खाली ठेवायची. स्प्रिंग ढिली होऊन पडायच्या किंचित अलीकडे जेवढा दाब लागतो, तेवढाच द्यायचा. हा अंदाज बोटांना येईपर्यंत खरं घड्याळ उघडू नका.

आणखी दोन वस्तू हव्यात. एक, रोडिको नावाची घड्याळकामाची चिकट पुट्टी. दुसरी, टोक तासलेली बांबूची काडी. टूथपिक चालते, पण लवकर तुसं सुटतात. रोडिको नाही म्हणून कणकेचा गोळा वापरणारे लोक आहेत. तसं करू नका. कणकेतल्या ओलीनं पोलाद गंजतं.

पट्ट्याची पिन

मशीनपर्यंत पोचायच्या आधीच बरेच जण इथे पहिला भाग घालवतात. पट्टा धरणाऱ्या पिनेच्या नळीत स्प्रिंग असते आणि दोन्ही टोकं आत दबतात. एक टोक मोकळं झालं की पिन तिरकी होऊन सुटते.

घड्याळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत ठेवा, दोन्ही हात आत घाला आणि पिन पिशवीतच काढा. पट्ट्याच्या मागच्या बाजूनं दुबेळक्या टोकाचं हत्यार पिनेच्या खांद्यावर अडकवा आणि आतल्या दिशेनं दाबा. दुसऱ्या हाताचा अंगठा त्या टोकावर टोपीसारखा ठेवायचा. बसवताना एक टोक भोकात घाला, दुसरं दाबून नखानं अडवत सरकवा, टक्‌ आवाज आला की पट्टा ओढून बघा. पिन हरवली तर जीव जाळू नका. पट्टा जिथे बसतो त्या घड्याळाच्या दोन शिंगांमधलं अंतर मोजा आणि त्या लांबीची नवी घ्या. साध्या घड्याळांना सुमारे दीड मिलिमीटर जाडीची लागते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

झाकण उघडल्यावर पहिलं काम

मागचं झाकण दाबाचं असो की आट्यांचं, उघडलं की हात लगेच स्क्रूकडे जातो. थांबा. मेन स्प्रिंगमध्ये अजून चावी भरलेली आहे. पूर्ण चावी दिलेलं साधं घड्याळ दीड दिवसाच्या आसपास चालतं, आणि ती सगळी ताकद त्या गुंडाळलेल्या पट्टीत असते. ती न उतरवता पॅलेट (चाकांना अडवून एकेक दातानं सोडणारा काटा) किंवा वरचा पूल (चाकांना वरून धरणारी पट्टी) उचललात तर चाकं क्षणात गरगरतात, दाते मोडतात, बारीक आस तुटतात. मग स्प्रिंग उडणं ही त्यातली किरकोळ गोष्ट ठरते.

चावी उतरवायची रीत अशी. घड्याळ तळहातात धरा, चावीचं डोकं अंगठा आणि तर्जनीत पकडा. वरच्या मोठ्या चाकाच्या कडेला एक छोटा खटका दिसेल. चावी देताना जो कर्रकर्र आवाज येतो तो याचाच, आणि चाकाला उलटं फिरू न देणं हे त्याचं काम. चावी अगदी किंचित पुढे द्या म्हणजे खटक्यावरचा भार कमी होतो. त्याच क्षणी काडीच्या टोकानं खटका चाकापासून बाजूला धरा. आता चावीचं डोकं बोटांत उलटं फिरू पाहील. त्याला बोटांच्या पकडीतून हळूहळू घसरू द्या. एकदम सोडलंत तर चाक भिंगरीसारखं फिरेल आणि खटक्याची स्प्रिंग जागची हलेल. फिरणं थांबलं, बॅलन्स मंदावला, की काम झालं. खात्री नसेल तर खटका पुन्हा एकदा बाजूला करून बघा.

चावीची दांडी आणि सगळ्यात फसवा स्क्रू

मशीन केसमधून, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचातून, काढायला चावीची दांडी काढावी लागते. काही मशीनमध्ये दांडीजवळ दाबायचं छोटं बटण असतं. ते हलकेच दाबून दांडी ओढायची. काहींमध्ये त्या जागी स्क्रू असतो आणि तिथेच खरी गोम आहे. हा स्क्रू एखाद-दुसरा फेराच ढिला करायचा आणि दांडी हलकेच ओढून बघायची. येत नसेल तर आणखी पाव फेरा. पूर्ण काढलात तर डायलच्या बाजूला असलेला, दांडी अडवून धरणारा खटकी लीव्हर स्क्रूवरून सुटतो आणि आतल्या आत कुठेतरी पडतो. तो परत जागेवर आणायला काटे आणि डायल काढावी लागते. पाच मिनिटांचं काम मग दुपार खातं.

मशीन बाहेर आलं की दांडी पुन्हा घालून ठेवा, हरवायची भीती नाही.

बॅलन्स

बॅलन्स उडत नाही, लोंबकळतो. हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला झुलवणारी केसासारखी स्प्रिंग, पुलाला बांधलेली असते, म्हणून पुलाचा स्क्रू काढून पूल उचलताना चाक त्या नाजूक स्प्रिंगला लटकून वर येतं. पूल सरळ वर, सावकाश, चाक कुठे अडकत नाही ना हे बघत उचला, मग उलटा करून ठेवा.

बॅलन्सच्या आसाचं टोक ज्या खड्यात फिरतं त्या रुबीवर धक्क्यापासून बचाव करणारी एक सूक्ष्म स्प्रिंग असते. स्विस इन्काब्लॉकमध्ये ती बिजागरीवर उघडते, निदान जागेवर तरी राहते. सेइकोच्या डायाशॉकमधली तीन पाकळ्यांची स्प्रिंग पूर्ण सुटी होते. सिटिझन आणि एचएमटीच्या घड्याळांवर पॅराशॉक हे नाव दिसेल. पहिल्याच खेपेला या कुठल्याही स्प्रिंगला हात लावू नका. तिथलं तेल घड्याळजीकडून करून घेणं शहाणपणाचं.

खटक्याची स्प्रिंग

इथून पुढे बोटं खरी लागतात. खटक्याला चाकाकडे रेटणारी स्प्रिंग बहुतेक मशीनमध्ये केसापेक्षा थोडी जाड अशी वाकवलेली तार असते. तिचं एक टोक खाचेत आणि दुसरं खटक्याच्या पाठीशी असतं.

वरचं चाक काढताना स्क्रू उलट्या आट्यांचा आहे का ते आधी बघा. चावीच्या चाकाचा, म्हणजे मोठ्या चाकाला फिरवणाऱ्या दांडीजवळच्या चाकाचा, स्क्रू अनेक मशीनमध्ये उलटा असतो. बऱ्याचदा त्याच्या डोक्यावर तीन रेघा असतात, पण नसल्या तरी जोर लावण्याआधी दोन्ही दिशांनी हलका अंदाज घ्या. पेचकस सटकला तर तो थेट स्प्रिंगवर जातो.

चाक निघाल्यावर लगेच खटक्याचा स्क्रू काढू नका. आधी स्प्रिंगचा ताण काढायचा. एका हातातली बांबूची काडी तारेच्या मधोमध, वरून, हलकेच टेकवून ठेवा. तिनं फक्त तार वर उठू द्यायची नाही. दुसऱ्या हातानं तारेचं मोकळं टोक खटक्यापासून बाजूला सरकवा, म्हणजे ती ढिली होते. ताण गेलेली स्प्रिंग उडत नाही. मग रोडिकोचा दाणा वर टेकवून उचला आणि तशीच डबीच्या कप्प्यात ठेवा. चिमट्यानं टोक पकडून ओढायचा मोह टाळा.

हीच रीत पुढे सगळीकडे लागू होते. स्क्रूला हात लावण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हा स्क्रू काढला की कोणाचा आधार जाणार? आणि ते कुठल्या दिशेनं सुटणार? उत्तर माहीत नसेल तर फोटो काढा, भिंगातून बघा, चहा पिऊन या.

डायलखालची मंडळी

काटे आणि डायल काढल्यावर चावीच्या दांडीभोवती लीव्हर, दाते असलेले छोटे गोळे आणि त्यांना जागेवर ठेवणाऱ्या स्प्रिंगा दिसतात. वर एक पातळ पट्टी असते, तिलाच एक लवचीक बोट असतं. चावी ओढल्यावर टक्‌ करून थांबते ती त्यामुळे. पट्टीखाली लपलेली असते हुकासारखी छोटी स्प्रिंग, आणि घरगुती कामात सर्वाधिक हरवणारा भाग हाच.

चावी आत दाबून ठेवा, म्हणजे वेळ लावायच्या जागी नको. बऱ्याच मशीनमध्ये त्या स्थितीत इथला ताण कमी असतो. मशीनवर पातळ, स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा तंबूसारखा धरा आणि पेचकस त्यातून आरपार खुपसून स्क्रू फिरवा. किंवा सरळ पिशवीत काम करा, मघाच्या पट्ट्यासारखं. स्क्रू निघाला तरी पट्टी लगेच उचलायची नाही. एका बाजूनं काडीनं दाबून धरा, दुसरी बाजू कागद शिरेल एवढीच वर करा आणि खालची स्प्रिंग कशी बसलीय ते बघा. दिसली की काडीचं टोक तिच्यावर न्या, मगच पट्टी उचला.

बसवताना क्रम उलटा नसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. स्प्रिंग ताणून मग तिच्यावर पट्टी बसवायला गेलात तर ती दर वेळी उडणार. आधी स्प्रिंग ढिल्या अवस्थेत जागेवर ठेवा. तिच्याखाली ग्रीसचा अगदी सूक्ष्म ठिपका लावला तर ती तिथे चिकटून राहते. मग वर पट्टी, स्क्रू निम्मा आवळलेला. आता पट्टीनं स्प्रिंगला वर उठायची वाट बंद केली. यानंतर फटीतून बारीक टोक घालून स्प्रिंगचं मोकळं टोक लीव्हरच्या मागे सरकवा आणि शेवटी स्क्रू पूर्ण आवळा. काही मशीनच्या रचनेत ही फट नसते. तिथे ताणलेली स्प्रिंग काडीनं दाबून धरत पट्टी सरकवावी लागते, आणि दुसऱ्या माणसाचा हात असेल तर बरं.

बॅरल उघडू नका

मेन स्प्रिंग बॅरल नावाच्या गोल डबीत असते. चावी उतरवली तरी तिच्यात बराच ताण उरतो, कारण मोकळी केली तर ती डबीच्या कितीतरी पट पसरते. झाकण उघडून चिमट्यानं उपसलीत तर ती सळकन बाहेर येते. कडा धारदार असतात, बोट कापतं, आणि हातानं परत गुंडाळताना पट्टीला पीळ पडतो. स्प्रिंग बदलायचीच असेल तर वाइंडर, म्हणजे ती गुंडाळायचं हत्यार, लागतो. तोवर बॅरल बाहेरून पुसून बाजूला ठेवा.

उडालीच तर

हलू नका. खुर्ची मागे सरकवू नका. आवाज कुठून आला ते आठवा. टक्‌ असा कोरडा आवाज म्हणजे फरशी किंवा भिंत, काहीच आवाज नाही म्हणजे बहुधा कपडे किंवा चादर.

बसल्या जागी शोध चालू करा. आधी चिमट्याची टोकं बघा, कारण भाग तिथेच चिकटलेला असतो हे फार वेळा निघतं. मग मशीनच्या आत, चाकांच्या मध्ये. ही जागा तपासल्याशिवाय मशीन बंद करायचंच नाही, नाहीतर हरवलेली स्प्रिंगच पुढे चाक अडवेल. मग पंचाची झोळी, शर्टाचा खिसा, दुमडलेल्या बाह्या, हातावरचे केस. उठायच्या आधी पंचा टेबलावर नीट उलगडा.

त्यानंतर दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवा, उजेड जमिनीला समांतर जाईल असा. वरून पाहताना अजिबात न दिसणारा भाग आडव्या उजेडात लांब सावली टाकतो. टॉर्च एका भिंतीपासून सुरू करून हातभर अंतरानं सरकवत जा. टेबलाचे पाय, भिंतीची कड, पायपुसण्याची किनार सोडू नका. केरसुणी लावू नका, तिच्या काड्यांत स्प्रिंग अडकली की संपलं. मऊ रंगाचा ब्रश आणि पांढरा कागद घ्या. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर पायमोजा ताणून रबर लावा, भाग मोज्यावर अडकतो.

लोहचुंबक चालतो, कारण या स्प्रिंगा बहुतेक पोलादी असतात. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं सुटतं. सापडलेल्या भागाचं चुंबकत्व घालवल्याशिवाय तो मशीनमध्ये बसवायचा नाही. हेअरस्प्रिंगला ते बाधलं तर घड्याळ पुढे पळायला लागतं.

तरीही नाही मिळाली, तर एक गमतीशीर वाटणारा पण उपयोगी उपाय करा. तेवढ्याच आकाराचा एखादा निरुपयोगी भाग घ्या, त्याच जागी बसून, तसाच चिमट्यातून मुद्दाम उडवा आणि तो कुठे जातो ते दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा. आपण शोधत होतो त्यापेक्षा भलतीच दिशा निघते कधीकधी.

बदली भाग

घड्याळ कुठल्या कंपनीचं यापेक्षा मशीनचा नंबर महत्त्वाचा. तो पुलावर किंवा बॅलन्सखाली कोरलेला असतो. त्याच नंबरचं बंद पडलेलं घड्याळ मिळालं तर उत्तम. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, किंवा मुंबईच्या चोर बाजारात असं काही हाती लागतं. तिथे डायलच्या चमकेकडे बघू नका. ऑनलाइन दिसणारी झगमगीत रंगांची बरीच एचएमटी घड्याळं नव्यानं रंगवलेली डायल आणि इकडचे-तिकडचे भाग जोडून केलेली असतात. तुम्हाला मशीन हवंय, डायल नाही. झाकण उघडून दाखवायला सांगा आणि चावीकडचा भाग गंजलेला नाही ना, ते बघा.

खटक्याची तार जुने घड्याळजी स्वतः वाकवून देतात. गिटारची सर्वांत बारीक साधी तार यासाठी चालते, तिची जाडी साधारण पाव मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. खाचेत बसते का बघून, मूळ फोटोवरून तसंच वळण द्यायचं. टोकं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर ती खटक्याला ओरखडे पाडतात.

सगळं जोडल्यावर चावी एकदम भरू नका. दोन फेरे द्या आणि बोटं डोक्यावरून अलगद सैल करा, पूर्ण सोडू नका. डोकं उलटं फिरायला लागलं तर खटक्याची स्प्रिंग नीट बसलेली नाही. ते हळूहळू घसरू देत चावी उतरवा आणि पुन्हा उघडा. फिरलं नाही, तर चावी ओढून काटे लावून बघा, आत दाबा, परत ओढा. टक्‌ कळायला हवं. मग आणखी चार-पाच फेरे देऊन घड्याळ रात्रभर डायल वर करून ठेवा, आणि पट्टा सकाळी लावा.